बेटालाही सुट्टी हवी

२०२५ सालचा १५ ऑगस्ट शुक्रवारी आला होता. नवीन वर्षाचं कॅलेंडर हातात पडलं की आयटीवाले आधी काय बघतात, हे वेगळं सांगायला नको! कॉलेजपासूनचे आम्ही पाच मित्र. दोन दिवसांची रजा जोडली आणि थायलंडला जायचं ठरलं. फुकेत, फी फी बेटं, बीच, पार्ट्या, स्पीडबोटीने या बेटावरून त्या बेटावर... सगळं एका एक्सेल शीटमध्ये तासाच्या हिशेबाने बसवलेलं. शीट अर्थातच मी केलं होतं.

त्यात सगळ्यात वर, पिवळ्या रंगात, 'माया बे' होतं. लिओनार्दो डिकॅप्रिओच्या 'द बीच'मधला तो जगप्रसिद्ध किनारा. आणि फुकेतला बोटीच्या काउंटरवर कळलं की माया बे बंद आहे. दरवर्षीच १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर बंद असतो.

"अरे, एवढे पैसे खर्च करून आलोय आम्ही!" आमच्यातला एक जण त्या काउंटरवरच्या बाईंवर भडकला. मीही दोन वाक्यं ऐकवली. खरं तर तारखा बघायचं काम माझं होतं, पण आपली चूक असली की माणसाचा आवाज जरा जास्तच चढतो. बाईंनी शांतपणे हसून दुसरा कार्यक्रम समोर ठेवला: पिले लगून, व्हायकिंग केव्ह, मंकी बीच, खाई बेट. एका दिवसात सगळं, जेवणासकट.

गेलो. आता खरं सांगू का? त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त काय आठवतं, तर बोटीचं आदळणं. पावसाळी समुद्र, पोटात ढवळतंय, आणि प्रत्येक ठिकाणी घड्याळ लावून पाऊण तास. उतरा, फोटो काढा, चढा. व्हायकिंग केव्ह तर बोटीतूनच 'बघितली'. एकाच दिवशी दहा क्लायंट मीटिंग्ज केल्यावर जसं कोण काय बोललं ते आठवत नाही, तसंच बेटांचं झालं. रात्री फोटो बघताना हे पिले की खाई यावर आमच्यात वाद झाला!

आणि एक गोष्ट, जी मी ग्रुपमध्ये कुणाला सांगितली नाही. स्नॉर्केलिंग करताना मास्कमध्ये पाणी शिरलं. घाबरलो आणि पाय टेकायला जे सापडलं त्यावर उभा राहिलो. पायाखाली काहीतरी कट्टकन मोडलं. प्रवाळ होतं. बोटीवरचा गाइड ओरडला, "नो स्टँड! नो स्टँड!" मी बाजूला झालो, पण जे मोडायचं ते मोडलं होतं. फांद्यांसारखं वाढणारं प्रवाळ चांगल्या परिस्थितीत वर्षाला काही सेंटिमीटर वाढतं. दगडासारखं दिसणारं तर त्याहून हळू. म्हणजे माझ्या एका सेकंदाची भरपाई व्हायला समुद्राला काही वर्षं लागणार. माझ्यासारखे दिवसाला किती जण उभे राहत असतील?

इथून मग माझं डोकं चालू झालं, आणि परत आल्यावर माया बेची गोष्ट नीट वाचून काढली.

हा किनारा जेमतेम अडीचशे मीटरचा. १९९९ मध्ये शूटिंगसाठी तिथली वाळू सपाट केली, नारळाची झाडं आणून लावली. त्यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. २००० साली सिनेमा आला आणि जगाला पत्ता कळला. पुढे पुढे दिवसाला ५,००० च्या आसपास माणसं यायला लागली. बोटी थेट किनाऱ्याला लागायच्या. नांगर प्रवाळावर पडायचे, पंख्यांनी ढवळलेला गाळ वर बसायचा. प्रवाळाच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं आणि ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं; पाणी गढूळ झालं की दोघांचीही उपासमार. शेवटी जून २०१८ मध्ये किनारा चार महिन्यांसाठी बंद केला. चार महिन्यांत काही होणार नाही हे लक्षात आल्यावर बंदी वाढवली, आणि तो उघडला थेट १ जानेवारी २०२२ ला. मधल्या काळात हजारो प्रवाळाचे तुकडे लावले गेले, आणि काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे रीफ शार्क आपणहून परत आले. त्यांना कुणी आमंत्रण दिलं नव्हतं. फक्त आपण तिथे नव्हतो, एवढंच!

उघडला तोही नियमांसकट. बोटी मागच्या बाजूच्या लो समाह खाडीत तरंगत्या धक्क्याला लावायच्या, लाकडी वाटेवरून चालत किनाऱ्यावर यायचं, पोहायचं नाही. सुरुवातीला एका फेरीत ३७५ माणसं आणि एक तास, अशी मर्यादा होती. शिवाय दरवर्षी ही दोन महिन्यांची सुट्टी.

आता मी करतो काय, तर सिस्टिम चालू ठेवायचं काम. वर्षातून काही वेळा क्लायंटकडे दोन तासांचा डाऊनटाइम मागावा लागतो आणि दर वेळी तेच ऐकावं लागतं: "बंद कशाला? चालू असतानाच करा ना!" मग मी समजावतो की लोडला मर्यादा असते, आज दोन तास दिले नाहीत तर पुढे दोन दिवस जातील वगैरे वगैरे. आणि तोच मी फुकेतच्या काउंटरवर अगदी क्लायंटच्या सुरात बोलत होतो. फरक इतकाच की सर्व्हर पडला तर बॅकअप असतो. माया बेचा बॅकअप कुठे ठेवलाय?

यावर नेहमीचा प्रश्न: मग तिथल्या लोकांनी खायचं काय? प्रश्न खोटा नाही. २०१८ ला बोटवाल्यांचं आणि टूरवाल्यांचं नुकसान झालंच असणार. पण त्याच वर्षी फिलिपिन्सने बोराकाय हे अख्खं बेट २६ एप्रिलपासून सहा महिने बंद ठेवलं होतं, कारण सांडपाणी समुद्रात जात होतं. तिथे तर बेटावरच वस्ती, सगळ्यांचाच धंदा बसला. म्हणजे असं हाताबाहेर जाऊ दिलं की मग एकदम मोठा फटका बसतो. त्यापेक्षा अंदमान समुद्र खवळलेला असतो, पर्यटक तसेही कमी असतात, अशा दोन महिन्यांत ठरलेली सुट्टी परवडते. आमच्या गाइडला मी विचारलं, बंद असल्याचा राग येत नाही का? मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो म्हणाला ते असं, की शार्क गेले तेव्हा जास्त भीती वाटली होती.

आणि आपल्याला यात नवल का वाटावं? कोकणात पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून ठेवतात, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय कोळी बांधव दर्यात जात नसत. समुद्राला विश्रांती द्यायची अक्कल आपल्याकडे आधीपासून आहे. ती परदेशात जाताना सामानात भरायची राहून जाते.

मी पार्टीच्या विरुद्ध नाही हं. फी फी डॉनला लो दालुमच्या किनाऱ्यावर आगीचे खेळ बघत आम्हीही नाचलो, ती प्लास्टिकची बादली भरून मिळते ती दारूही प्यायलो. पण सकाळी सहाला चहाच्या शोधात बाहेर पडलो तर दोन बायका वाळूतून स्ट्रॉ वेचत होत्या. त्यातली एखादी माझी असणारच. मी पटकन दुसरीकडे बघितलं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. एका दिवसात पाच बेटांऐवजी पाच दिवसांत एक बेट करा. जाण्याआधी काय कधी बंद असतं ते बघा. सनस्क्रीनची बाटली मागून वाचा. ऑक्सिबेन्झोनसारखी प्रवाळाला घातक द्रव्यं असलेली क्रीम्स थायलंडने राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून बंद केली आहेत, दंड एक लाख बाटपर्यंत. पोहायला नीट येत नसेल तर लाइफ जॅकेट घाला आणि खाली पाय टेकू नका (हे मी मलाच सांगतोय). आणि 'बंद आहे' अशी पाटी दिसली तर काउंटरवरच्या बाईंशी भांडू नका.

आमचा तो भडकलेला मित्र आता डिसेंबरमध्ये माया बेला जायचं म्हणतोय. शीट परत माझ्याकडेच आलंय. या वेळी त्यात एकच बेट टाकलंय. अजून त्याला सांगितलेलं नाही... बघू!