स्वस्त लॅपटॉपसाठी थांबायचे का? आधी रॅमचे गणित समजून घ्या

मुंबई : बारावीचा निकाल लागला की कुर्ल्यातल्या चाळींपासून टॉवरपर्यंत एकच प्रश्न असतो. मुलांसाठी लॅपटॉप आत्ताच घ्यायचा, की नवे स्वस्त मॉडेल येईपर्यंत थांबायचे?

कमी पैशांत काय मिळते?
रिलायन्सने २०२३ मध्ये १६,४९९ रुपयांत जिओबुक आणले. त्यात ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज आणि ११.६ इंची स्क्रीन होती. मात्र विंडोजऐवजी जिओओएस होते. ऑनलाइन तासिका, टायपिंगसाठी ते ठीक. अभियांत्रिकीची विंडोजवरची सॉफ्टवेअर त्यावर चालत नाहीत.

नवी मॉडेल स्वस्त होतील?
शक्यता कमीच. एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन यांनी जास्त नफ्याच्या मेमरीकडे मोर्चा वळवला. परिणामी २०२५च्या अखेरीस साधी रॅमही महागली. किंमत तीच दिसली, तरी आत रॅम कमी असू शकते, हा आमचा अंदाज.

मग काय करावे?
गरज असेल तर थांबू नका. किमान ८ जीबी रॅम आणि एसएसडी घ्या. रॅम पुढे वाढवता येईल का, हे दुकानदाराला विचारा. सेकंडहँड घेताना त्यावर विंडोज ११ चालते का ते पाहा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

वह्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, पण लॅपटॉपवर १८ टक्के कायम राहिला. आजच्या विद्यार्थ्याची वही लॅपटॉपच आहे, हे सरकारनेही ओळखायला हवे.