बॅटरीच्या अंतरंगाचा वेध

मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या लोहगाव परिसरात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतला आणि ती दृश्ये देशभर पाहिली गेली. त्याच सुमारास तमिळनाडूतील वेल्लोर येथे घरी चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटली. त्या धुरात गुदमरून बाप-लेकीचा मृत्यू झाला. पाठोपाठ ९ एप्रिल रोजी नाशिकमध्ये कंटेनरमधून नेल्या जाणाऱ्या ४० पैकी २० स्कूटर जळाल्या. केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली. 'एआयएस-१५६' या मानकात सुधारणा झाली आणि ती १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू करण्यात आली. नियम कडक झाले, हे स्वागतार्हच. तथापि चाचणीत उत्तीर्ण झालेल्या नमुन्याच्या आणि प्रत्यक्ष ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या बॅटरीच्या पोटात एकच गोष्ट आहे का, हा प्रश्न त्यातून पूर्णतः सुटत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधणारे एक साधन उपलब्ध आहे. 'सीटी स्कॅन' या नावाने ते रुग्णालयांत घरोघरच्या परिचयाचे झाले आहे. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळांत त्यालाच एक्स-रे टोमोग्राफी म्हणतात.

लिथियम-आयन बॅटरीचा सर्वपरिचित सेल '१८६५०' या आकड्याने ओळखला जातो. त्याचा व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर. धातूच्या या डबीत धन आणि ऋण विद्युतअग्रांच्या लांबलचक पट्ट्या असतात, त्यांच्यामध्ये छिद्रमय प्लास्टिकचा विभाजक पडदा असतो आणि हे सारे एकत्र घट्ट गुंडाळलेले असते. अळूवडीच्या उंड्याची रचना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रचना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की, येथील विभाजक पडदा माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. तो कोठे फाटला किंवा त्याला धातूच्या कणाने भोक पडले, तर दोन्ही अग्रे एकमेकांना भिडतात, शॉर्ट सर्किट होते आणि ज्वालाग्राही द्रवाने भरलेला सेल तापत जातो. ही उष्णता शेजारच्या सेललाही पेटवते. तापमानवाढ स्वतःच स्वतःला पोसू लागली की ती बाहेरून रोखणे दुरापास्त होते.

उंड्याचे पदर पाहायचे तर तो कापावा लागतो. सेलच्या बाबतीत मात्र कापणे म्हणजे पुरावा नष्ट करणे, कारण पातीच्या दाबानेच पदर सरकतात, आणि भारित सेल कापणे धोक्याचेही असते. साधा एक्स-रे काढावा, तर सारे पदर एकमेकांवर पडून एकच सावली उमटते. टोमोग्राफी ही अडचण दूर करते. वस्तू एका फिरत्या बैठकीवर ठेवून थोड्या-थोड्या अंशाने वळवली जाते आणि प्रत्येक वळणावर तिचा एक्स-रे घेतला जातो. अशा शेकडो, कधी हजारो सावल्यांवरून संगणक तिच्या आतील प्रत्येक बिंदूची घनता काढतो. मग कोणत्याही पातळीवरचा छेद पडद्यावर पाहता येतो. वस्तू मात्र अखंडच राहते.

या तंत्रामागचे गणित ऑस्ट्रियाचे योहान राडोन यांनी १९१७ मध्येच मांडले होते. ते प्रत्यक्षात उतरायला संगणकाची वाट पाहावी लागली. ब्रिटनमधील 'ईएमआय' कंपनीतील अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये लंडनमधील एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना आणि अॅलन कॉरमॅक यांना विभागून मिळाले. रुग्णावर किरणांचा मारा मर्यादेतच ठेवावा लागतो. धातूच्या तुकड्याला ते बंधन नाही. त्यामुळे औद्योगिक टोमोग्राफीत अधिक शक्तीचे किरण अधिक काळ वापरता येतात आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका बारकावाही टिपता येतो.

बॅटरीच्या संदर्भात या साधनाचे महत्त्व जगाच्या ध्यानी आले ते मोठ्या दुर्घटनांमुळे. ७ जानेवारी २०१३ रोजी बोस्टन विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या उभ्या असलेल्या बोइंग ७८७ विमानातील बॅटरी पेटली. त्याच महिन्यात जपानमध्ये दुसरी घटना घडली आणि या जातीची सर्व विमाने जगभर जमिनीवर आणण्यात आली. एअर इंडियाची विमानेही त्यात होती. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने जळालेल्या बॅटरीची उकल करताना सीटी स्कॅनचा आधार घेतला. बॅटरीच्या आठ सेलपैकी एकात अंतर्गत शॉर्ट सर्किट झाले आणि आग इतरांत पसरली, असा निष्कर्ष निघाला. परंतु ते शॉर्ट सर्किट नेमके कशाने झाले, हे सांगणारा पुरावा बहुतांशी आगीतच नाहीसा झाला होता. जळाल्यानंतर पाहण्यापेक्षा जळण्यापूर्वी पाहणे किती मोलाचे, हा धडा या तपासाने दिला.

२०१६ मध्ये सॅमसंगला आपला 'गॅलेक्सी नोट ७' हा फोन बाजारातून मागे घ्यावा लागला. जानेवारी २०१७ मध्ये जाहीर झालेल्या तपासात बॅटरीच्या कोपऱ्यात वाकलेले ऋण अग्र आणि वेल्डिंगच्या वेळी राहिलेले टोकदार धातूचे अंश, असे दोन वेगवेगळे दोष समोर आले. त्यानंतर कंपनीने जी आठ टप्प्यांची तपासणी आखली, तीत एक्स-रे चाचणीचा समावेश होता.

आग लागत असताना सेलच्या आत काय घडते, हेही आता पाहिले गेले आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१५ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथील सिंक्रोट्रॉनच्या प्रखर किरणांसमोर दोन व्यापारी सेल मुद्दाम तापवले आणि अतिवेगाने त्यांच्या प्रतिमा घेतल्या. ज्या सेलमध्ये गुंडाळीला आतून आधार देणारी नळी होती, तो बराच काळ सावरून राहिला. मात्र त्याच्या आतील तांबे वितळल्याच्या खुणा दिसल्या, म्हणजे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर गेले होते. आधार नसलेल्या सेलची गुंडाळी कोसळली आणि आतील पदार्थ जोराने बाहेर फेकले गेले. रचनेतील एका छोट्या फरकाने अपघाताचे स्वरूप बदलते, ही बाब यातून दृष्टीसमोर आली.

सर्वसामान्य ग्राहकाला अधिक अस्वस्थ करील असा निष्कर्ष २०२५ मधील आहे. औद्योगिक सीटी यंत्रे बनवणाऱ्या लुमाफील्ड या अमेरिकी कंपनीने बाजारातील हजाराहून अधिक १८६५० सेलची टोमोग्राफी केली. त्यांपैकी ३३ सेलमध्ये ऋण अग्राची पट्टी धन अग्राच्या कडेपेक्षा आखूड पडल्याचे आढळले. ही पट्टी सर्व बाजूंनी किंचित जास्त असणे आवश्यक असते, अन्यथा कडेला लिथियमचा थर साचून त्याच्या सुयांसारख्या वाढी पडद्याला भेदू शकतात. हे सर्व सदोष सेल स्वस्त किंवा बनावट छापाचे होते आणि नामांकित उत्पादकांच्या सेलमध्ये हा दोष सापडला नाही. ही पाहणी यंत्र विकणाऱ्या कंपनीची आहे, हे ध्यानात ठेवावेच लागेल. तरीही बाहेरून हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन डब्यांच्या अंतरंगात केवढा फरक असू शकतो, याचे ते बोलके उदाहरण आहे.

भारतात विकल्या जाणाऱ्या वाहनांतील सेलचा मोठा भाग आजही आयात होतो. वाहन जोडणाऱ्या लहान उद्योगाला पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर विसंबावे लागते. दुरुस्तीच्या बाजारात जुने सेल काढून नवी बॅटरी बांधण्याचा व्यवहार तर याहूनही अपारदर्शक आहे. सुधारित मानकात एका सेलमधील शॉर्ट सर्किटची आग संपूर्ण पॅकमध्ये पसरते का, याची चाचणी आहे. ती आवश्यकच आहे. पण ती सादर केलेल्या नमुन्याची परीक्षा असते. पुढच्या वर्षी आलेल्या खेपेत गुंडाळी तिरकी बसली असेल, तर ते त्या चाचणीला कळण्याचा मार्ग नाही.

अर्थात, टोमोग्राफी हा सर्वांवरचा रामबाण उपाय नव्हे. लिथियम हे अत्यंत हलके मूलद्रव्य असल्याने ते एक्स-रे किरणांना फारसे अडवत नाही. त्याच्या बारीक वाढी म्हणूनच सहज दिसत नाहीत. वापरागणिक होणारी रासायनिक झीजही चित्रात उमटत नाही. बारकावा जितका अधिक हवा, तितका लहान भाग एका वेळी तपासावा लागतो. प्रयोगशाळेतील यंत्राला एका सेलसाठी काही मिनिटांपासून काही तासही लागतात. कारखान्यातून निघणारा प्रत्येक सेल अशा रीतीने तपासणे व्यवहार्य नाही, आणि कोट्यवधींचे यंत्र प्रत्येक लघुउद्योजकाने घ्यावे, अशी अपेक्षा धरणेही अवास्तव ठरेल.

मात्र प्रत्येक खेपेतून निवडक सेल तपासणे शक्य आहे. वाहनांच्या चाचण्या करणारी 'एआरएआय' ही संस्था पुण्यातच आहे आणि चाकण-पिंपरीचा वाहन उद्योग तिच्या शेजारी आहे. सामायिक टोमोग्राफी केंद्राला यापेक्षा योग्य जागा शोधावी लागणार नाही. सखोल संशोधनासाठी इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातील 'इंडस-२' सिंक्रोट्रॉनवर एक्स-रे प्रतिमांची सुविधा आहे. उद्योग, मानक ठरवणारे आणि संशोधक यांना एकत्र बसवणारी यंत्रणा उभारणे हे धोरणकर्त्यांचे काम आहे.

दुसरी गोष्ट अपघातानंतरची. जळालेल्या वाहनाबरोबरच त्याच खेपेतील न जळलेले सेल ताब्यात घेऊन, ते उघडण्यापूर्वी त्यांची टोमोग्राफी करावी आणि निष्कर्ष जाहीर करावेत, अशी कार्यपद्धती ठरली, तर प्रत्येक आग पुढच्या खरेदीदारासाठी काही शिकवून जाईल. आज स्कूटर घेणारा ग्राहक वेग, पल्ला आणि किंमत विचारतो. सेल कोणाचा, कोणत्या खेपेचा आणि तो आतून कोणी पाहिला आहे का, हे प्रश्नही त्याने विचारावेत आणि विक्रेत्यापाशी त्यांची लेखी उत्तरे असावीत, इतकी अपेक्षा गैरवाजवी म्हणता येणार नाही.