मुरुमांचे मलम आणि औषधांची उधळपट्टी

पणदऱ्याहून सकाळच्या एस.टी.ने बारामतीस शिकावयास जाणाऱ्या मुलामुलींची संख्या आता लहान नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ज्यांच्या आज्या-पणज्यांनी उसाची खुरपणी केली, त्यांच्या नाती आज विज्ञान शाखेत शिकतात. संगणकाचे अभ्यासक्रम त्यांनी निवडले आहेत आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचे गठ्ठे त्यांच्या पाठीवर आहेत. या वयाची एक जुनी पीडा मात्र त्यांच्या सोबतीला आहेच. ती म्हणजे चेहऱ्यावरचे मुरूम. सुश्रुताने क्षुद्ररोगांत जिची गणना केली व जिला मुखदूषिका असे नेमके नाव दिले, तीच ही व्याधी. घरातील वडीलधारी मंडळी हसून म्हणतात, "वयात आल्याची खूण आहे, जाईल आपोआप." पुष्कळदा ती जातेही. परंतु आरशासमोर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला 'आपोआप' हा शब्द फार लांबचा वाटतो. मग ती मैत्रिणीकडून एका मलमाचे नाव घेते आणि बसथांब्याजवळच्या औषधांच्या दुकानातून ती ट्यूब घेऊन येते. नाव विचारून ट्यूब काउंटरवर ठेवण्यापलीकडे त्या व्यवहारात कोणी कोणाला काही विचारीत नाही. असे दुकान कोणत्या एका गावात आहे असे नाही. बारामती, इंदापूरच काय, महाराष्ट्राच्या कोणत्याही तालुक्यात हेच चित्र दिसेल.

त्या ट्यूबमध्ये बहुधा क्लिंडामायसिन नावाचे प्रतिजैविक असते, क्वचित एरिथ्रोमायसिन किंवा नाडिफ्लॉक्सासिन. प्रतिजैविक म्हणजे पेनिसिलीनच्या गोत्रातले नसले तरी त्याच पंक्तीला बसणारे औषध. गोळी किंवा इंजेक्शन म्हटले की आपण थोडे तरी सावध होतो. मलमाच्या बाबतीत सुशिक्षितांचीही समजूत अशी असते की, जे पोटात जात नाही ते बाधत नाही. ही समजूत केवळ विद्यार्थ्यांची असती तर त्याबद्दल अग्रलेखाच्या पानावर लिहिण्याचे कारण नव्हते. दुर्दैवाने आपला कायदाही बराच काळ याच समजुतीवर चालत आलेला आहे.

मुरूम हा मुळात अस्वच्छतेचा रोग नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. दिवसातून सहा वेळा साबणाने तोंड घासणाऱ्या मुलांची कातडी सोलवटते, मुरूम जात नाहीत. वयात येताना शरीरातील अंतःस्रावांमुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात, केसांच्या मुळाशी असलेली छिद्रे मृत पेशींनी बुजतात आणि त्या बंद कोठडीत, तेलावर पोसणारे, एरवी आपल्या त्वचेवर निरुपद्रवीपणे राहणारे जंतू वाढतात. मग दाह होतो, पू होतो आणि कधी कायमचा खड्डा राहतो. या जंतूचे जुने नाव प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस. २०१६ पासून शास्त्रज्ञ त्याला क्युटिबॅक्टेरियम म्हणतात. या साखळीत जंतू ही एक कडी आहे, सारी साखळी नव्हे. प्रतिजैविकाचे मलम तेवढ्या एका कडीवर घाव घालते. तेल स्रवतच राहते आणि छिद्रे बुजतच राहतात. म्हणून मलम थांबविले की मुरूम परत येतात, आणि परत आले म्हणून मलम पुन्हा सुरू होते. असे करता करता वर्ष निघून जाते.

या वर्षभरात त्वचेवर काय घडते, हे आपल्या भागातील द्राक्षबागायतदाराला समजावून सांगण्याची गरज पडू नये. भुरीवर तेच तेच औषध फवारीत राहिले तर ती पुढे त्याला दाद देत नाही, म्हणून औषधे आलटून पालटून वापरावीत, हे तो अनुभवाने शिकला आहे. चेहऱ्यावरही हाच न्याय लागू होतो. औषधाने मरणारे जंतू मरतात, जे थोडे तगून राहतात त्यांना मोकळे रान मिळते, आणि काही महिन्यांत त्यांचीच प्रजा होते. एरिथ्रोमायसिन व क्लिंडामायसिन यांना न जुमानणारे मुरुमांचे जंतू अमेरिकेत १९७९ सालीच आढळले होते. त्यानंतरच्या काळात एरिथ्रोमायसिनच्या मलमाचा गुण उत्तरोत्तर कमी होत गेला. ही दोन्ही औषधे जंतूच्या पेशीतील एकाच जागी आपले काम करतात, त्यामुळे एकाला न जुमानणारा जंतू बहुधा दुसऱ्यालाही जुमानत नाही.

कोणी म्हणेल, मुरुमाचा जंतू निगरगट्ट झाला तर बिघडले काय? मुरुमाने कोणी मरत नाही. हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो, परंतु त्वचेवर हा एकच जंतू राहत नाही. तेथे व नाकपुडीत स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू असतात, आणि जखमा चिघळविण्यापासून हाडांत पू करण्यापर्यंतची अनेक दुखणी यातील एका जातीमुळे होतात. चेहऱ्यावरचे मलम त्यांच्यापर्यंतही पोचते. हे जंतू प्रतिकाराची विद्या, म्हणजे तिचे जनुक, आपसात देतात-घेतात. मुरुमांवर दीर्घकाळ प्रतिजैविके घेणाऱ्यांच्याच नव्हे, तर त्यांच्या घरातील माणसांच्या त्वचेवरही असे निगरगट्ट जंतू सापडल्याचे इंग्लंडमधील अभ्यासांत दिसून आले आहे. आणि क्लिंडामायसिन हे काही सौंदर्यप्रसाधन नव्हे. हाडांच्या व त्वचेच्या गंभीर जंतुसंसर्गात, विशेषतः ज्याला पेनिसिलीन सोसत नाही अशा रुग्णाला, डॉक्टर ते देतात. मुलीच्या चेहऱ्यासाठी आणलेल्या ट्यूबची किंमत अशा रीतीने तिच्या आजोबांना रुग्णालयात मोजावी लागणे अशक्य नाही.

पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात नेमका हाच धोका एका कल्पित कुटुंबाच्या कथेने सांगितला होता. नवऱ्याने घसा दुखतो म्हणून स्वतःच्या मनाने अपुरे पेनिसिलीन घेतले, त्याच्या शरीरातील जंतू त्याला सरावले, आणि ते जंतू लागून फुफ्फुसदाहाने आजारी पडलेली बायको औषध असूनही दगावली. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९५४ साली, आपल्याच जिल्ह्यात पिंपरीस जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. पेनिसिलीनसाठी परदेशाकडे डोळे लावून बसण्याचे दिवस संपावेत, हा त्यामागील हेतू होता. ज्यांनी ते दिवस पाहिले त्या पिढीला या औषधांचे मोल ठाऊक होते. आज ती मुबलक झाली आणि मोल गेले. याच पिंपरीच्या कंपनीची स्ट्रेप्टोसायक्लीनची पुडी डाळिंबाच्या तेल्या रोगावर फवारणीसाठी शेतकऱ्यांच्या घरोघरी पोचली. तीत स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लीन ही दोन्ही माणसांची औषधे आहेत. शेतीतील त्यांचा वापर बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये काढला. म्हणजे बागेतील फवारणीकडे निदान कोणाचे तरी लक्ष गेले. चेहऱ्यावरच्या लेपाकडे मात्र अद्याप कोणी पाहिलेले नाही.

यावर कोणी प्रतिजैविकांच्या मलमांवर सरसकट बंदी मागील, तर ते चूक ठरेल. पू धरणाऱ्या, दुखऱ्या मुरुमांत ती उपयोगी आहेत. प्रश्न कसे व किती दिवस वापरावे याचा आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने २०२१ साली आणि अमेरिकेच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ साली एकच गोष्ट सांगितली: प्रतिजैविकाचे मलम एकटे वापरू नये. त्याला बेन्झॉइल पेरॉक्साइडची जोड द्यावी, आणि साधारण तीन महिन्यांत ते थांबवून पुढचा उपचार दुसऱ्या मलमांवर चालवावा. बेन्झॉइल पेरॉक्साइड हे प्रतिजैविक नाही. ते प्राणवायूच्या जोरावर जंतू मारते, आणि त्याला सरावलेला जंतू इतक्या दशकांत आढळलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. सौम्य मुरुमांना पुष्कळदा तेवढेच पुरते. त्याचा दोष म्हणजे प्रथम चेहरा कोरडा पडतो, थोडी आग होते आणि टॉवेल व उशीचे अभ्रे यांचा रंग जातो. हे आधी कोणी सांगत नाही, म्हणून घरात अभ्र्यावरून बोलणी बसतात आणि ट्यूब कपाटात जाते. कोणत्याही उपचाराचा गुण दिसावयास सहा-आठ आठवडे लागतात, हेही कोणी सांगत नाही. दहाव्या दिवशी विद्यार्थी दुसरी ट्यूब शोधू लागतो.

ही दुसरी ट्यूब पुष्कळदा पहिलीहून घातक असते. तीत स्टेरॉइड असते. चार दिवसांत चेहरा नितळ व उजळ दिसतो, म्हणून तिची शिफारस तोंडोतोंडी पसरते. काही महिन्यांनी त्वचा पातळ व लाल होते, चेहऱ्यावर लव वाढते, नवे मुरूम येतात आणि मलम सोडले की भडका उडतो. स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक यांची एकाच नळीतील खिचडी आपल्याकडे वर्षानुवर्षे उघड विकली गेली. अशा अनेक मिश्रणांवर सरकारने २०१६ साली बंदी घातली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने बंदी आली. त्याच वर्षी चौदा स्टेरॉइडांची मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम झाला. हे सारे त्वचारोगतज्ज्ञांनी लावून धरले म्हणून घडले. परंतु प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवण्यासाठी मार्च २०१४ पासून जी 'एच-१' अनुसूची लागू झाली, ती करताना त्वचेवर लावावयाची औषधे तीतून वगळली गेली. जे पोटात जात नाही ते बाधत नाही, ही समजूत राजपत्रात छापली गेली ती अशी.

नियम कडक करा एवढे म्हणून हा प्रश्न मिटणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. पणदऱ्याच्या विद्यार्थ्याला त्वचारोगतज्ज्ञ गाठावयाचा तर बारामतीस जावे लागते. त्यात एक दिवस बुडतो, तपासणीची फी द्यावी लागते आणि 'मुरमासाठी डॉक्टर कशाला' हे घरचे वाक्य ऐकावे लागते. दुकानदार चिठ्ठी मागू लागला तर ही मुले पुढच्या दुकानात जातील किंवा टपालाने मलम मागवतील. म्हणून चिठ्ठी मागण्याआधी ती मिळण्याची सोय गावाजवळ हवी. साधने नाहीत असे नाही. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ई-संजीवनीवर घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो, आणि त्वचेचा रोग हा तर दुरून पाहून ओळखता येण्याजोग्या थोड्या रोगांपैकी एक. किशोरवयीनांसाठी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली महाराष्ट्रात 'मैत्री' नावाची सल्ला केंद्रे निघाली. तेथे आहार, पाळी, व्यसन यांवर बोलले जाते. ज्या एका गोष्टीपायी मूल वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसते, तिच्याविषयीही तेथे बोलले गेले पाहिजे. प्राथमिक केंद्राच्या औषधसाठ्यात बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या नळ्या ठेवावयास मोठा निधी लागत नाही. 'एच-१' मधील ती सवलत काढून टाकणे हे दिल्लीचे काम आहे, त्याला वेळ लागेल. नळ्या ठेवण्याचे काम पुण्याच्या जिल्हा परिषदेला या शैक्षणिक वर्षातही करता येईल. आठवीपासूनच्या वर्गांवर विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांनी जंतूंच्या धड्याला ही पुटकुळी जोडून घेतली, तर तो तास मुले लक्ष देऊन ऐकतील, आणि त्यांच्यापैकी काहींच्या दप्तरात ती ट्यूब त्या वेळी असेलही.