बोलपटातले बोल ऐकू येतात का?

सिनेमाला मराठीत एक जुना आणि नेमका शब्द आहे: बोलपट. 14 मार्च 1931 रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ लागला, पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. पडद्यावरचा माणूस बोलतो, याचंच तेव्हा अप्रूप होतं. अमेरिकेतल्या अल्टेक लान्सिंग कंपनीने 1945 साली थिएटरांसाठी लाऊडस्पीकर काढले, त्यांचं नावही याच जातीचं होतं: ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’, म्हणजे थिएटरचा आवाज. ए-4, ए-5, ए-7 ही त्यातली गाजलेली मॉडेल्स. आता हे स्पीकर थिएटरांतून जवळजवळ निवृत्त झालेत. ती निवृत्ती योग्यच आहे, असं माझं मत आहे. पण त्यांच्याबरोबर एक निकषही निवृत्त झाला, त्याचं मला वाईट वाटतं.

आधी जुन्यांचं श्रेय देऊ. त्या काळच्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमधून फार तर काही दहा वॅट निघत. तेवढ्यावर हजार खुर्च्यांचं थिएटर भरायचं, तर कर्णा हवाच. हाताची ओंजळ तोंडाशी धरून हाक मारली की ती दूर जाते, तेच तत्त्व. ए-4 मध्ये खालच्या स्वरांसाठी 15 इंची शंकूचे दोन स्पीकर आणि साधारण 500 हर्ट्झच्या वरच्या स्वरांसाठी धातूचा कर्णा असे. आवाज सगळीकडे पसरावा म्हणून त्या कर्ण्याचं तोंड मधमाश्यांच्या पोळ्यासारखं कप्प्याकप्प्यांचं. हा सगळा संसार पडद्यामागे असे आणि पडद्याच्या बारीक भोकांतून आवाज बाहेर येई. माणसाचा आवाज ही या रचनेची खरी ताकद होती.

दोषही होते. खूप खालचा स्वर, म्हणजे 40 हर्ट्झच्या आसपासचा, त्यांना पेलत नसे. वरचे स्वर सगळ्या खुर्च्यांवर सारखे पोहोचत नसत. मधल्या रांगेत स्वच्छ, तर कोपऱ्यात बोथट. फिल्मच्या कडेला छापलेल्या ध्वनिपट्टीची खरखर लपवायला 1938 पासून वरचे स्वर मुद्दाम कापले जात, त्यामुळे ही उणीव खपून गेली. 1970 च्या दशकात डॉल्बी आलं, खरखर घटली, आणि उणीव उघडी पडली. मग सर्वत्र सारखा आवाज पसरवणारे नव्या घडणीचे कर्णे आले. 1983 साली टीएचएक्सने थिएटरांच्या आवाजाला मापदंड लावले. 1992 पासून डिजिटल आवाज, त्यासोबत धडधडीसाठी वेगळा सबवूफर, आणि 2012 पासून छतावरही स्पीकर असलेलं ॲटमॉस. मोजमापाने तुलना केली तर नवे जवळजवळ प्रत्येक बाबतीत पुढे आहेत. जुनं ते सोनं म्हणत उसासे टाकण्यात अर्थ नाही.

मग एवढी प्रगती होऊनही प्रेक्षक ‘काय म्हणाला तो?’ असं शेजाऱ्याला का विचारतो?

मी मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो. ‘राज’ आणि ‘राज़’ यात फरक एका नुक्त्याचा, पण एक म्हणजे सत्ता आणि दुसरं म्हणजे गुपित. मराठीतही ‘चार’मधला च वेगळा, ‘चारा’मधला वेगळा. हा तलफ्फुज व्यंजनांत असतो, आणि व्यंजनं नाजूक असतात. खालच्या स्वरांची धडधड वाढली की ती त्याखाली दबतात. वय वाढलं की कानही आधी वरचेच स्वर गमावतो. म्हणजे पहिला फटका घरातल्या वडीलधाऱ्यांना. ‘मुगल-ए-आझम’ ज्यांनी संवादांसाठी पुन्हा पुन्हा पाहिला, ती ही पिढी.

यात नव्या स्पीकरांचा गुन्हा नाही. पूर्वी सगळा आवाज पडद्यामागून, एकाच वाटेने यायचा. त्यामुळे संवाद वर ठेवणं ध्वनिमिश्रण करणाऱ्याला भागच होतं. आज वाटा अनेक आहेत, पण संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधूनच येतो. प्रेक्षकांनी गोंगाटाची तक्रार केली की थिएटरवाले सगळाच आवाज खाली आणतात आणि धमाक्यांबरोबर संवादही बुडतो. शेवटी आपण आपल्याच भाषेतला सिनेमा इंग्रजी सबटायटल वाचत पाहतो. ज्याला ती वाचता येत नाहीत, त्याने काय करायचं?

म्हणून तुलनेचा निकष बदलायला हवा. किती वॅट, किती स्पीकर, खुर्ची किती हादरते, हे नंतर विचारू. थिएटरवाल्याने एकदा शेवटच्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसावं आणि हळू आवाजातलं एक वाक्य शब्दन्‌शब्द कळतं का ते पाहावं. कळत नसेल तर मधला स्पीकर तपासावा. दिग्दर्शकानेही मिश्रण पक्कं करण्याआधी ते अशा एका माणसाला ऐकवावं, ज्याने पटकथा वाचलेली नाही.

जुने कर्णे परत आणा असं मी म्हणत नाही. त्यांच्या नावात जो हेतू होता, तेवढा परत आणा.