दुरुस्तीआधीची प्रत

या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत परत परत येतो. "फाइल उघडली, थोडी दुरुस्ती केली, सेव्ह केली. आता आधीची होती तशी हवी आहे. मिळेल का?" बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच द्यावं लागतं, आणि समोरच्याला ते पटत नाही. एवढं शिकलेले आहात, काहीतरी युक्ती असेलच की, असा सूर असतो. युक्ती आहे, पण ती फाइल उघडण्याच्या आधी करायची असते.

नेमकं काय होतं ते पाहू. फाइल चुकून डिलीट झाली तर ती रिसायकल बिनमध्ये जाते आणि तिथून परत काढता येते. पण फाइलमध्ये बदल करून सेव्ह दाबलं की जुना मजकूर कुठल्याही पेटीत जात नाही. नवा मजकूर त्याच नावाने त्याच जागी बसतो, बस्स. कंट्रोल-झेड दाबून मागे जाता येतं, पण फाइल बंद करेपर्यंतच. वर्डचं ऑटोरिकव्हर असतं ते वीज गेली किंवा प्रोग्रॅम अडकला तर. आपण नीट सेव्ह करून नीट बंद केलं, की ते आपली तात्पुरती प्रत काढून टाकतं. अपघातातून ते वाचवतं. आपल्या स्वतःच्या दुरुस्तीतून नाही.

छापील पुस्तकाचं असं नव्हतं. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये निघालं, पुढे त्यांनीच ते सुधारून, वाढवून पुन्हा छापलं. (हे दादोबा आपल्या सुरतेतही होते. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींबरोबर इथे मानवधर्म सभा काढणाऱ्यांत त्यांचं नाव आहे.) सुधारलेली आवृत्ती आली म्हणून पहिली आवृत्ती काही लोकांच्या कपाटातून उठून गेली नाही. संगणकावर मात्र ती जाते, आणि जाताना आवाजही करत नाही.

सुरतेत खरं तर ही गोष्ट शिकवायची गरज नसावी. रिंग रोडवरच्या मार्केटमध्ये टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय संध्याकाळी दुकानातून न उठणारी माणसं मला माहीत आहेत. एम्ब्रॉयडरीचं पंचिंग करणारी मुलं पार्टीने सांगितलेला बदल मूळ डिझाइनवर कधी करत नाहीत, आधी कॉपी काढतात. हिशेब आणि डिझाइन म्हणजे पैसे, म्हणून तिथे ही शिस्त आपोआप येते. त्याच माणसांच्या घरात आईने लिहिलेल्या आठवणी, कुलवृत्तान्त, गावच्या जमिनीच्या वाटणीची टिपणं एका लॅपटॉपवर एकाच प्रतीत पडलेली असतात.

त्यात आपल्या मराठी फाइलींना काही खास धोके आहेत. इंग्रजी फाइलींना ते नसल्यामुळे इंटरनेटवरच्या सल्ल्यांत फारसे सापडत नाहीत.

पहिला धोका जुन्या फॉन्टचा. दहा-पंधरा वर्षांपूर्वी टाइप केलेल्या बऱ्याच फाइली कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये आहेत. त्या फाइलींच्या आत मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा चेहरा देतो. वर्डला वाटतं हे इंग्रजीच आहे, आणि ते आपल्या सवयीप्रमाणे वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करून टाकतं. कृतिदेवमध्ये लहान 'डी' म्हणजे पूर्ण क आणि मोठा 'डी' म्हणजे अर्धा क. 'कमल'ची 'क्मल' होते ती अशी. शंभर पानांत अशा किती जागा बदलल्या ते डोळ्यांनी शोधत बसा.

दुसरा एक्सेलचा. मंडळाची सभासद यादी मराठीत केली आणि ती साध्या सीएसव्ही प्रकारात सेव्ह केली, तर सगळी नावं प्रश्नचिन्हं होतात. नुसती दिसायला नाही; फाइलीत खरोखर प्रश्नचिन्हं लिहिली जातात. अक्षरांचा कचरा दिसत असेल तर पुष्कळदा तो परत मराठीत आणता येतो, कारण मूळ आकडे आत शाबूत असतात. प्रश्नचिन्हांतून मात्र काहीच परत येत नाही. कुठलाही कन्व्हर्टर ते करू शकत नाही. (नव्या एक्सेलमध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा प्रकार आहे, तो निवडायचा.)

तिसरा 'रिप्लेस ऑल'चा. कुलवृत्तान्तात सगळीकडे 'नाना'च्या जागी 'नानासाहेब' करायचं ठरवलं, बटण दाबलं, आणि 'नानाविध' फुलांची 'नानासाहेबविध' फुलं झाली. यावर हसता येतं, कारण हे लगेच दिसतं. जे दिसत नाही ते जास्त वाईट.

उधन्यातल्या एका आजोबांची हकिगत त्यांना विचारूनच सांगतो. मूळचे धुळे जिल्ह्यातले, नोकरीनिमित्त सुरतेला आलेले. निवृत्तीनंतर आठ वर्षं रोज थोडं थोडं टाइप करून त्यांनी एक फाइल तयार केली: घराण्याची माहिती, गावची माणसं, आणि त्यांच्या आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या, अहिराणीतल्या, जशाच्या तशा. नातू कॉलेजात जाणारा, हुशार आणि मायाळू. आजोबांच्या वाढदिवसाला ती फाइल पुस्तकासारखी छापून द्यावी म्हणून त्याने ती कृतिदेवमधून युनिकोडमध्ये आणली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग जिथे जिथे शब्दाखाली लाल रेघ दिसली, तिथे तिथे वर्डने सुचवलेला शब्द त्याने घेतला. 'मना' म्हणजे माझा, 'से' म्हणजे आहे, हे त्याला कोण सांगणार? त्याची शाळा गुजरातीतून आणि इंग्रजीतून झाली, मराठी घरात ऐकून आलेली आणि अहिराणी सुट्टीत गावी गेल्यावर कानावर पडलेली. नवी फाइल त्याने जुन्या फाइलीवरच सेव्ह केली.

मला फोन आला तेव्हा तो बिचारा विचारत होता, "दादा, चुकाच होत्या ना त्या?"

शोधाशोध केली. पाच वर्षांपूर्वी आजोबांनी नंदुरबारच्या भाचीला फाइल ईमेलने पाठवली होती, तिच्या मेलमध्ये ती तशीच निघाली. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीपर्यंतचं सगळं वाचलं. त्यानंतर टाइप केलेल्या ओव्यांपैकी काही आजोबांनी आठवून पुन्हा सांगितल्या, आता नातवाने त्या फोनवर रेकॉर्ड केल्या आहेत. बाकीच्या त्यांना आठवत नाहीत. लिहून ठेवल्या म्हणून त्यांनी त्या पाठ ठेवल्या नव्हत्या.

नातवावर रागवायला मला जागा दिसत नाही. फाइलींची दुरुस्ती यापुढे आपल्याच पिढीने आणि आपल्यानंतरच्यांनी करायची आहे, आणि नेमकं काय बिघडलं हे ओळखण्याइतकी मराठी आपल्यातल्या बऱ्याच जणांना येत नाही. म्हणून चूक ओळखण्यावर भिस्त न ठेवता मूळ प्रत आधीच बाजूला ठेवणं जास्त शहाणपणाचं.

आता साधनांकडे. सगळ्यात साधं म्हणजे फाइलवर कंट्रोल-सी, मग कंट्रोल-व्ही, आणि जी नवी प्रत तयार होते तिच्या नावात तारीख. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, म्हणजे फोल्डरमध्ये प्रती आपोआप क्रमाने लागतात. 'अंतिम', 'अंतिम नवी', 'अंतिम नवी खरी' ही नावं लग्नपत्रिकेच्या मजकुरापुरती ठीक आहेत.

वर्डमध्ये ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, आणि तिथे सेव्हच्या भागात 'ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी' अशी एक खूण आहे. ती केली की प्रत्येक सेव्हच्या वेळी आधीची प्रत त्याच फोल्डरमध्ये 'डब्ल्यूबीके' शेपटाच्या वेगळ्या फाइलीत राहते. लिबरऑफिसमध्येही अशी सोय आहे. हे चालू ठेवाच, पण त्याची मर्यादा कोणी सांगत नाही ती अशी: ती प्रत फक्त शेवटच्या सेव्हच्या आधीची असते. तुम्ही दर पाच मिनिटांनी सेव्ह करत असाल, तर बॅकअपमध्ये पाच मिनिटांपूर्वीची फाइल सापडेल, सकाळची नाही. त्या नातवाकडे ही खूण असती तरी दोनदा सेव्ह केल्यावर मूळ फाइल गेलीच असती.

विंडोज ८ पासून 'फाइल हिस्टरी' आहे. बाहेरची हार्ड डिस्क जोडून ते सुरू केलं, की ठरावीक फोल्डरमधल्या बदललेल्या फाइलींच्या प्रती साधारण तासातासाला तिथे जमा होतात. चांगलं आहे, पण डिस्क जोडलेली हवी, आणि आपल्याकडे डिस्क कपाटात असते. मॅकवर हेच काम २००७ पासून 'टाइम मशीन' करतं.

मी स्वतः घरच्यांच्या संगणकांवर 'फ्रीफाइलसिंक' हा मोफत प्रोग्रॅम बसवून दिला आहे. तो त्याच्या मूळ साइटवरूनच घ्या, शोधताना जाहिरातीतून येणारी दुसरी पानं टाळा. डाव्या बाजूला आपला कागदपत्रांचा फोल्डर, उजव्या बाजूला बाहेरच्या डिस्कवरचा फोल्डर द्यायचा. प्रकार 'अपडेट' निवडायचा, 'मिरर' नाही. मिररमध्ये डावीकडे जे डिलीट झालं ते उजवीकडूनही काढलं जातं. मग सेटिंगमध्ये जुन्या फाइलींसाठी 'व्हर्जनिंग' निवडून एक तिसरा फोल्डर द्यायचा आणि नावाला 'टाइम स्टॅम्प' जोडायला सांगायचं. आता एखादी फाइल बदलली की उजवीकडची जुनी प्रत पुसली न जाता तारीख-वेळ लागून त्या तिसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. हे सगळं 'बॅच जॉब' म्हणून डेस्कटॉपवर सेव्ह केलं की पुढे नुसता डबल क्लिक. माझ्या आईला मी एवढंच सांगितलं आहे: फाइल उघडण्याआधी त्या चित्रावर दोनदा टिचकी. ती करते. बाबा करत नाहीत.

"पण माझं सगळं क्लाउडवर आहे" असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. क्लाउड तुमचा बदल सगळीकडे पोहोचवतो, चुकीचा असला तरी तेवढ्याच तत्परतेने. वनड्राइव्हमधली वर्ड फाइल उघडली की ऑटोसेव्ह चालूच असतं, तुम्ही सेव्ह दाबायची वाटही ते पाहत नाही. तिथे आधी 'सेव्ह अ कॉपी', मग टायपिंग. जुन्या आवृत्त्या तिथे मिळतात हे खरं, पण कायमच्या नाहीत. गूगल ड्राइव्हवर ठेवलेल्या वर्ड फाइलीच्या जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवसांनी जाऊ शकतात. चूक वर्षभराने लक्षात आली तर?

प्रत कुठे ठेवायची हे सुरतकरांना पुराने शिकवलं आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचं पाणी सोडल्यावर तापी शहरात शिरली तेव्हा अडाजण-रांदेरकडच्या तळमजल्यांवरच्या घरांत कपाटातली मूळ कागदपत्रं आणि त्यांच्या झेरॉक्स एकदमच भिजल्या. एकाच टेबलावरच्या लॅपटॉप आणि पेनड्राइव्हचं तेच आहे. तो पेनड्राइव्ह कायम जोडलेला असेल तर व्हायरसही दोघांना एकदमच लागतो. मे २०१७ मध्ये पसरलेल्या 'वॉनाक्राय'ने जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद केल्या होत्या. एक प्रत सुट्टीला जाताना भुसावळच्या गाडीने मामाकडे जाऊ द्या.

'टॉय स्टोरी २' तुम्ही किंवा तुमच्या मुलांनी पाहिला असेल. १९९८ मध्ये तो तयार होत असताना चुकीच्या आज्ञेमुळे त्याच्या बहुतेक फाइली पुसल्या गेल्या, आणि मग कळलं की पिक्सारचा बॅकअप बरेच दिवस नीट होतच नव्हता. गॅलिन सुसमन नावाच्या त्यांच्या सहकारी बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर प्रत होती, तिच्यावरून सिनेमा परत उभा राहिला. एवढ्या मोठ्या स्टुडिओत बॅकअप उघडून कोणी पाहिलाच नव्हता. तेव्हा महिन्यातून एकदा प्रतींतली एखादी फाइल उघडून वाचून बघा.

जुन्या फॉन्टमधल्या फाइली असणाऱ्यांनी आणखी दोन कामं करायची आहेत. फाइलीबरोबर त्या फॉन्टची फाइलही प्रतीत ठेवा. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ती कॉपी करता येते. फॉन्ट नसेल तर उद्या नव्या लॅपटॉपवर आजोबांचं सगळं लिखाण इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. आणि दुरुस्तीला हात लावण्याआधी त्याच संगणकावर, जिथे मराठी नीट दिसते आहे तिथे, फाइलीची पीडीएफ काढा. पीडीएफमध्ये अक्षरांचा आकार बरोबर येतो, त्यामुळे पुढे शंका आली की मूळ शब्द काय होता ते ताडून पाहता येतं. पीडीएफ काढल्यावर एकदा दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर पाठवून उघडून घ्या. तिथे मराठी दिसली म्हणजे फॉन्ट आत बसला आहे.