आठवी झाली, पुढे काय? गोवंडीतून तातडीचं आवाहन

मुंबईकरहो,

शाळा उघडायला थोडेच दिवस उरलेत आणि गोवंडीच्या शिवाजीनगर-बैंगनवाडीत आठवी पास झालेली कितीतरी मुलं दाखला घेऊन घरी बसली आहेत. महापालिकेच्या बऱ्याच शाळा सातवी-आठवीपाशीच संपतात. मोफत शिक्षणाचा २००९ चा कायदाही चौदाव्या वर्षापर्यंतच हात धरतो. नेमकं त्याच वयात मुलगा जरीच्या कारखान्यात जातो, मुलगी धाकट्या भावंडांत अडकते. पावसाळा संपेपर्यंत जे शाळेत गेलं नाही, ते सहसा परत जात नाही. म्हणून आत्ताच घाई.

‘त्यांना शिकायचंच नसतं,’ असं म्हणणाऱ्यांनी इथली दहा बाय पंधराची खोली एकदा बघावी. खाली आई जरीकाम पसरून बसलेली, पोटमाळ्यावर रात्रपाळी करून आलेला बाप झोपलेला, दारात पाण्याचे ड्रम. मुलीने वही मांडीवर घ्यावी, तर मांडीवर भाऊ. अशा घरातून ती आठवी पास झाली, हेच खरं तर नवल!

गोवंडी ज्यात येते तो महापालिकेचा एम-पूर्व विभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात तळाला होता. शहराचा कचरा मात्र १९२७ पासून इथे देवनारला येतोय. तेव्हा हे आमच्यावर उपकार करा म्हणून नाही, तुमच्याकडून येणं आहे म्हणून मागतोय.

संध्याकाळची अभ्यासिका चालवायला गणित आणि इंग्रजी शिकवणारी माणसं हवीत. त्याहून जास्त गरज आहे ती कागदपत्रं समजणाऱ्यांची. आधारवर एक जन्मतारीख, दाखल्यावर दुसरी. ती दुरुस्त करायला आणि उत्पन्नाचा दाखला काढायला प्रत्येक खेपेला बापाचा रोज बुडतो. दोन खेपांनंतर तो नाद सोडतो. बँकेतून, कचेरीतून निवृत्त झालेले कुणी सोबत गेलं, तर काम अडत नाही. ज्यांची शाळा आधीच सुटली, त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते; हेही घरोघरी जाऊन सांगावं लागतं.

मुलींचं आणखी वेगळं. हायस्कूल लांब, एकटीला पाठवायला घरचे तयार नसतात. एकाच गल्लीतल्या चौघींचं नाव एकाच शाळेत घातलं की परवानगी मिळते. अशा मुली हेरून त्यांच्या आयांशी बोलायला बायकाच लागतात. ताई, माई, तुम्ही या.

वाढदिवसाचा केक आणि फोटो काढणारा घेऊन येणार असाल, तर नका येऊ. तसे पुष्कळ येऊन गेले. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी द्या, पण वर्षभर. ते जमत नसेल, तर एका मुलीचं जाण्यायेण्याचं भाडं आणि वह्या-पुस्तकं उचला.

या रविवारपासून आम्ही घरोघर फिरतोय. सकाळी दहाला गोवंडी स्टेशनबाहेर भेटू. छत्री आणा, आणि कागदपत्रांची माहिती असेल तर चष्मासुद्धा.