विश्लेषण : लाल-निळ्या दिव्यांनी चेहरा खरेच उजळतो का?

लग्नसराई जवळ आली की पुण्या-मुंबईतच नव्हे, तर तालुक्याच्या गावातल्या ब्युटी पार्लरच्या दरपत्रकावरही ‘फोटोफेशियल’ ही ओळ दिसू लागते. दुसरीकडे समाजमाध्यमांवर लाल दिव्यांचा मुखवटा घालून सोफ्यावर निवांत बसलेले चेहरे दिसतात. दोन्ही गोष्टी ‘लाइट थेरपी’ या एकाच नावाने विकल्या जातात. प्रत्यक्षात त्यांच्यात फार मोठा फरक आहे. एकीने फार तर पैसे वाया जातात, दुसरी चुकीच्या हातात गेली तर गव्हाळ त्वचा भाजते. हा फरक ग्राहकाला क्वचितच सांगितला जातो.

प्रकाशोपचार नवे आहेत का?

अजिबात नाही. कोपनहेगनचे डॉक्टर नील्स फिन्सेन यांना 1903 मध्ये नोबेल मिळाले ते त्वचेच्या क्षयरोगावर एकवटलेल्या प्रकाशाने उपचार केल्याबद्दल. पुढे 1967 मध्ये हंगेरीचे एंद्रे मेस्टर लेझरने कर्करोग होतो का, हे उंदरांवर तपासत होते. कर्करोग झाला नाही, पण भादरलेल्या जागी केस लवकर उगवले. सौम्य प्रकाशाचा पेशींवर परिणाम होतो, या विचाराला तिथून चालना मिळाली.

एलईडी मुखवटा काय करतो?

साधारण 633 नॅनोमीटरचा लाल आणि 830 नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश पेशींतील ऊर्जानिर्मितीला चालना देतो आणि त्यातून कोलॅजन वाढते, असे सध्या मानले जाते. 415 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश मुरुमांच्या जिवाणूंमधील पोर्फिरिन हे द्रव्य शोषून घेते आणि त्यातून तयार होणाऱ्या क्रियाशील ऑक्सिजनमुळे जिवाणू मरतात. सौम्य ते मध्यम मुरुम आणि बारीक सुरकुत्या यांवर याचा थोडा उपयोग होतो, तोही अनेक आठवडे नियमित वापरल्यावर. रंग गोरा होत नाही.

जाहिरातीत दिव्यांची संख्या ठळक असते. मोबाइल घेताना बॅटरी किती एमएएच, हे विचारणारा ग्राहक इथे मात्र दिवे मोजून समाधान मानतो. महत्त्वाचे असते ते त्वचेवर प्रति चौरस सेंटीमीटर किती मिलिवॅट प्रकाश पडतो. हा आकडा 30 असेल तर 10 मिनिटांत 18 ज्यूल ऊर्जा मिळते. तो 3 असेल तर तेवढ्याच ऊर्जेसाठी 100 मिनिटे बसावे लागेल. खोक्यावर हा आकडा आणि तरंगलांबी नसेल, तर विकत घेतलेली वस्तू उपकरण आहे की दिव्यांची माळ, हे कळायला मार्ग नाही. ‘सात रंगांच्या’ मुखवट्यातला जांभळा तर बहुतेकदा लाल आणि निळा दिवा एकत्र लावून केलेला असतो.

मग ‘फोटोफेशियल’ वेगळे कसे?

त्यात सहसा आयपीएल, म्हणजे तीव्र स्पंदित प्रकाश वापरतात. हा एलईडी नाही आणि लेझरही नाही. झेनॉनचा दिवा काही मिलिसेकंदांसाठी लखकन पेटतो आणि साधारण 500 ते 1200 नॅनोमीटरचा प्रकाश त्वचेत सोडतो. इथे काम उष्णतेने होते. यामागचे तत्त्व रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी 1983 मध्ये मांडले : लक्ष्याला शोषता येईल असा प्रकाश निवडा आणि तो इतका अल्पकाळ द्या, की उष्णता शेजारी पसरण्याआधीच काम उरकेल.

गोऱ्या कातडीवर हे गणित छान जुळते. तपकिरी डाग गडद, भोवतालची त्वचा फिकी, त्यामुळे प्रकाश डागातच शोषला जातो. आपल्याकडे मेलॅनिन डागात असते तसे भोवतालच्या त्वचेतही असते आणि प्रकाशाला दोन्हींतला फरक कळत नाही. फिट्झपॅट्रिकच्या सहा त्वचाप्रकारांपैकी भारतीयांची त्वचा बहुतांशी चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडते. गोऱ्या त्वचेसाठीची मात्रा तिच्यावर दिली तर फोड येतात आणि मागे महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. डाग घालवायला गेलेली व्यक्ती नवे डाग घेऊन परतते. वांग असेल तर धोका आणखी वाढतो, कारण उष्णता आणि प्रकाशाने ते उलट भडकू शकते.

घरगुती निळा दिवाही इथे पूर्ण निर्दोष ठरत नाही. फ्रान्समधील संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 415 नॅनोमीटरच्या प्रकाशाने तिसऱ्या-चौथ्या प्रकारच्या त्वचेवर टिकाऊ काळेपणा आला, लाल प्रकाशाने आला नाही. मुरुम मारणारी तरंगलांबी हीच. केवळ ‘ग्लो’साठी निळे बटण दाबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे.

तिसरा प्रकार आहे फोटोडायनॅमिक उपचारांचा. यात अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल लावतात. पेशींत त्यापासून प्रकाशसंवेदी द्रव्य बनते आणि दिवा लावला की ते सक्रिय होते. अमेरिकेत 1999 मध्ये याला मान्यता मिळाली ती उन्हाने होणाऱ्या कर्करोगपूर्व खरखरीत चट्ट्यांसाठी, सौंदर्यासाठी नव्हे. नंतर जवळपास दोन दिवस ऊन टाळावे लागते. आपल्याकडच्या मे महिन्यात हे किती जमेल, हा विचार आधीच केलेला बरा.

‘एफडीए क्लिअर्ड’ लिहिले असेल तर?

याचा अर्थ बाजारात आधीपासून असलेल्या उपकरणाशी हे मिळतेजुळते आहे, एवढाच. मोठ्या फायद्याची ती हमी नाही. न्यूट्रोजिनाने आपला मुरुमांवरचा प्रकाश-मुखवटा 2019 मध्ये परत मागवला. डोळ्यांचे काही विकार असलेल्यांना किंवा प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे घेणाऱ्यांना इजा होण्याची सैद्धांतिक शक्यता, हे कारण होते. मुरुमांसाठी नेहमी दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन त्वचेची प्रकाशसंवेदनशीलता वाढवते. म्हणजे मुखवटा घेण्याची शक्यता ज्यांची जास्त, त्यांच्याच घरात असे औषध असण्याचीही शक्यता जास्त. दुकानदाराने हे विचारायला हवे, पण ऑनलाइन खरेदीत विचारणारे कोणी नसते.

पार्लरमध्ये काय विचारावे?

यंत्राचे नाव, आयपीएल की एलईडी आणि चालवणारी व्यक्ती कोण, हे आधी विचारावे. भाजल्यावर उपचार करता येत नाहीत त्या हातात आयपीएलचे यंत्र असूच नये. ते त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरले जावे. एलईडीबाबत एवढे कडक असण्याची गरज नाही. उन्हात रापलेल्या त्वचेवर आयपीएल टाळावे. आधी कानाजवळ किंवा जबड्याखाली लहानशा जागेवर चाचणी घ्यावी आणि निदान आठवडाभर वाट पाहावी, कारण सावळ्या त्वचेवर डाग उशिरा उमटतात. हळदीच्या दोन दिवस आधीच्या ‘ब्रायडल पॅकेज’मध्ये एवढा वेळच नसतो.